पासपोर्ट आला, मी आले नाही

निकेरी, सुरिनाम
२ मार्च

कुमारीदीदी,

खुशाली नंतर विचारीन. आधी एवढंच सांग, ओमीने तो उघडून पाहिला का?

मंगल कॅप्टन आज दुकानात आला तोच मान खाली घालून. एरवी बोट लावली रे लावली की ओरडत येतो मेला, "सुमिंत्रा, चहा टाक, तुझा गयाना अजून जागेवर आहे!" आज चहासुद्धा मागितला नाही. मी म्हटलं, काय रे, बोट बुडाली की बायको पळाली? तर म्हणतो, "तुझा पासपोर्ट तुझ्या बहिणीच्या घरी टाकून आलो." तुमच्या काठावर पोलीस बोटी तपासत होते. याच्या पिशवीत गल्लीभराचे पासपोर्ट. घरी आल्याचे शिक्के मारून झालेले, परत निघाल्याचे व्हायचे होते, तेवढ्यात याचं धाबं दणाणलं. मग ज्याचं घर माहीत त्याच्या दारात एकेक टाकत सुटला. बरं, टाकलास तर टाकलास, दिलास कुणाच्या हातात? "खांबांवरच्या घराखाली झुल्यावर तुझी पोरगी बसली होती. म्हटलं, तुझ्या आईचं पाकीट आहे, मौसीला दे." कप्पाळ माझं!

दीदी, तुला हे सगळं माहीत आहे. तरी लिहिते, म्हणजे तुला तिला वाचून दाखवता येईल. इथे आपल्या माणसाला ठरावीक मुदतीपुरतंच राहू देतात. मुदत संपली की देशाबाहेर जायचं आणि परत यायचं. मग निकेरीतला माणूस काय करतो? पासपोर्ट कॅप्टनकडे देतो. पासपोर्ट नदी ओलांडतो, तिकडे 'घरी परत आली' असा शिक्का बसतो, मग 'निघाली' असा, मग इकडचा. माणूस इथेच असतो, केळ्यांच्या पेट्या भरत, नाहीतर माझ्यासारखा या दुकानवाल्या शांतीबाईंच्या अंथरुणाला खिळलेल्या आईची गादी बदलत. कुणालाच त्यात काही वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. उलट पासपोर्ट घरून परत आला की मी त्याचा वास घ्यायचे. हसू नकोस. डिझेलशिवाय कसलाही वास यायचा नाही.

ओमीला एवढंच सांग, आई आली नव्हती, पासपोर्ट आला होता. बारा वर्षांची आहे, तिला समजेल. आणि फोनवर मला बंद केलंयस ते सुरू कर. सख्ख्या बहिणीला मंगलच्या बोटीतून पत्रं पाठवायची वेळ आणलीस, अख्खा धक्का हसतोय मला.

तुझी,
सुमिंत्रा


निकेरी
१५ मार्च

दीदी,

तुझा निरोप मिळाला. मंगलने अगदी तुझ्या आवाजात सांगितला, कमरेवर हात ठेवून. "तिला म्हणावं, आता पत्रं लिहू नकोस. वकिलाशी बोल."

वकील! तुझ्या-माझ्यात वकील कुठून आला ग? आपल्या दोघींची भांडणं माई चुलीतलं लाकूड दाखवून मिटवायची.

आणि मंगलने ओमीचंही सांगितलं. मी सांग म्हटलं नव्हतं, त्यानेच सांगितलं, आणि सांगताना दुसरीकडे बघत होता. ती पासपोर्ट घेऊन जुन्या कॅलेंडरांसमोर बसली. एक शिक्का तिच्या परीक्षेच्या आदल्या दिवशीचा. एक फगव्याचा, ती नवा पांढरा फ्रॉक घालून फाटकात उभी होती म्हणे, आईचा फोन येईल म्हणून, रंगही लावून घेईना. आणि एक तिला डेंग्यू झाला होता तेव्हाचा. तुला तिने विचारलं, "मौसी, मम्मी तेव्हा इथेच होती?"

तू काय उत्तर दिलंस? मंगल म्हणतो, तू काहीच बोलली नाहीस, भात ढवळत राहिलीस.

दीदी, तू गप्प कशी बसलीस? पहिल्यांदा फेरीबोटीत मला बसवलं कुणी? माझ्या खांद्याचे टाके अजून ओले होते. माझ्या नवऱ्याने, परसरामने, सुरा चालवला तो तुझ्याच स्वयंपाकघरात, ओमी तुझ्याच कडेवर होती. तूच म्हणालीस, "तू जा, पोरीला मी बघते, इकडे पाऊल टाकू नकोस, तो धक्क्यावरच्या दारूच्या दुकानात बसून येणारी प्रत्येक बोट बघतो." मी तुझं ऐकलं. सात वर्षं ऐकलं. आणि आता, मंगलच्या कानावर आलंय, तुझा वकील कोर्टात म्हणणार की ही बाई इतक्या वेळा मायदेशी आली, पण घराच्या रस्त्याला एकदाही वळली नाही, हिने पोर टाकून दिली! म्हणजे ओमी कायद्याने तुझी, आणि देवनारायण भाऊजींच्या भावाने पाठवलेल्या कागदांवर तुम्ही तिघं टोरांटोला. वा ग वा. शिक्के खोटे आहेत हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि तूच ते कोर्टापुढे ठेवणार.

तुला मूल झालं नाही म्हणून मी कधी तुला बोलले का? एकदा तरी? लोक बोलले, सासू बोलली, मी त्यांच्या अंगावर धावून गेले. आता मला वाटतं उगाच गेले.

घे, लिहिलं. खोडणार नाही.

सुमिंत्रा


निकेरी
२९ मार्च

दीदी,

मागचं पत्र फाडून टाक. वाचलं असशील तरी फाड. माझी जीभ तुला लहानपणापासून माहीत आहे, आधी चालते आणि मग मला रडवते.

मी मंगलला विचारलं, दीदी काय म्हणाली? तो म्हणाला, "एकच वाक्य. परसराम मेला त्याला दीड वर्ष झालं, आता हिला कुणाची भीती?"

म्हाताऱ्या बाई पडून असतात, रजा मिळत नाही, असं मी लिहिणार होते. ते खरंही आहे. त्यांना कुशीवर वळवायला मीच लागते, मुलीचा हातसुद्धा लावू देत नाहीत, डच भाषेत शिव्या घालतात. पण तू म्हणशील, एका दिवसासाठी कुणी मरत नाही. नाही मरत.

परसराम गेल्याचं कळलं तेव्हा मी बाजारात जाऊन ओमीसाठी बूट घेतले. काळे, शाळेचे. मी स्वतः घेऊन जाणार होते. मंगलला सांगूनही ठेवलं, आता पासपोर्टाबरोबर मीही येणार. तो म्हणाला, "बस की, तुझं वजन काय, पोतंभर तांदूळ." मग त्या रविवारी मी फोन केला, आणि फोन चालू राहिला तुमच्याकडे, कुणाला कळलंच नाही. तू म्हणालीस, "चल, केस विंचरून देते." ती म्हणाली, "मम्मी, थांब ना, हे संपू दे." ती तुला मम्मी म्हणाली ग. चारचौघांत मौसी म्हणते, घरात मम्मी; कुणाला दाखवायला नाही, सहज, तोंडात बसलेलं.

मी बूट मंगलच्या हाती पाठवले. ते तिला लहान झाले, तू कळवलंस. पायाचा अंदाजसुद्धा मला आला नाही.

तर अशी भीती. परसरामचा सुरा परवडला.

पण कोर्टाची तारीख लागलीय ना, आता मी येते. तू म्हणशील तिथे उभी राहते, तुझे पाय धरते. टोरांटोला तुम्ही जा, मी अडवत नाही. नाही, खोटं कशाला लिहू, अडवतेय. जीव तोडून अडवतेय. तुमच्या घरात ती सुखात आहे, हे मला दिसतं. इथे माझ्याकडे काय आहे? दुकानामागची खोली, तीही शांतीबाईंची. तरी मला माझी मुलगी हवी आहे. नदीपलीकडे आहे तोवर मी काहीतरी करीन, असं सात वर्षं मनात म्हणत आले. तू तिला विमानात बसवलंस की मला म्हणायलाही काही उरणार नाही.

तुझी
सुमी


स्प्रिंगलँड्स, गयाना
१७ एप्रिल, सकाळी

दीदी,

मी आले. मंगलच्या मावशीच्या घरी उतरलेय, तुझ्यापासून चार फाटकं पलीकडे. कोर्ट दहा वाजता आहे, हे पत्र मंगलची मावशी तुला आठलाच देईल.

फेरीने येता आलं नाही. पासपोर्ट तुमच्या वकिलाकडे, आणि तो हातात असता तरी काय, त्यात मी फेब्रुवारीतच घरी पोचलेय. सुरिनामच्या लेखी मी तिथे नव्हतेच. म्हणून चोरवाटेच्या बोटीने, कोंबड्यांच्या खुराड्यांमध्ये बसून, आले. सात वर्षं माझा पासपोर्ट ये-जा करत होता तेच पाणी. मला वाटायचं केवढी मोठी नदी आहे! मंगलची एक विडी संपायच्या आत आम्ही इकडे. मी त्याला म्हटलं, एवढीच? तो म्हणाला, "एवढीच होती की. तू कधी विचारलंस?"

उतरल्यावर मी एक वेडेपणा केला. सरळ घराकडे यायचं, तर शिक्क्याच्या खिडकीकडे गेले. मला वाटलं, आज मी खरोखरची आलेय, तर आजचा शिक्का हवा. ओमीला दाखवीन, बघ, हा एक खरा आहे.

खिडकीत एक तरुण मुलगी होती, नखं रंगवलेली. म्हणाली, "आँटी, पासपोर्ट?"

"वकिलाकडे आहे."

"नाव सांगा." तिने बोटं चालवली, आणि माझ्याकडे बघून हसली. "तुम्ही तर केव्हाच आलात. फेब्रुवारीत."

"ती मी नव्हते."

"मग कोण होतं?"

"पासपोर्ट होता."

"अच्छा, म्हणजे पासपोर्ट एकटाच आला होता, हवा खायला?" मागच्या रांगेतले लोक खो खो हसले. एक म्हातारा म्हणाला, "माझी बायको पण अशीच पाठवा हो, नुसती कागदावर!"

मी म्हटलं, "बाई, मी हात जोडते. साध्या कागदावर द्या. हातावर मारा, जत्रेत पाळण्यात बसताना मारतात तसा. पण आजची तारीख द्या."

तिचं हसू गेलं. खिडकीतून वाकून हळू म्हणाली, "आँटी, जो माणूस घरात आहे असं लिहिलंय त्याला मी परत घरात कशी घेऊ? आधी बाहेर गेल्याचं दाखवावं लागेल. आणि हे जे तुम्ही मोठमोठ्याने बोलताय ना, ते इथे बोलू नका. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर तुम्हाला बसवून ठेवलं असतं. जा, घरी जा."

घरी जा म्हणाली. मी तिथेच बाकावर बसून रडले, पंखा लावलेल्या सरकारी जागेत, सगळ्यांसमोर.

काल संध्याकाळी तुझा वकील आला. तू नाही आलीस, वकील आला. चांगला माणूस आहे, खोटं कशाला बोलू, नारळपाणी घेऊन आला होता. म्हणाला, "तुम्ही फक्त गप्प राहा. शिक्के माझेच आहेत म्हणा. मग तुमच्यावर काही येत नाही, मुलगी कॅनडाला जाईल, सुट्टीत येईल, सगळं प्रेमाने होईल. आणि शिक्के खोटे आहेत म्हणालात, तर गुन्हा तुम्ही स्वतःच्या तोंडाने कबूल केलात. तुम्हाला अटक, आणि मुलगी तरीही बहिणीकडेच. तुरुंगातल्या आईकडे कुणी मूल देत नाही."

म्हणजे मी गप्प बसले तर येऊनही तिच्याकडे न गेलेली आई, आणि बोलले तर कैदी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दीदी, एक मागते. तू उभी राहा आणि तूच सांग. तुला काही होणार नाही, तू कुठे पासपोर्ट पाठवलास? एवढंच म्हण, "माझी बहीण येत नव्हती, मला माहीत होतं." ओमी तुझं ऐकते. माझ्या तोंडचं तिला कशाला खरं वाटेल, मी तिच्यासाठी रविवारचा आवाज.

फाटकासमोरून मघाशी ती सायकलवरून गेली. मी ओळखलं नाही. मावशी म्हणाल्या, "अग ती बघ, तुझी." तोवर वळली होती.

सुमी


पोलीस ठाणे
२४ एप्रिल

दीदी,

शिपाईबाईने वहीचं पान दिलं आणि पेन माझ्या हातात सोडून ती बाजूला उभी आहे, म्हणून पटापट लिहिते.

कोर्टात काय झालं ते तू पाहिलंस. तरी माझ्या बाजूने सांगते. मी गप्पच बसणार होते. देवाशपथ. मावशींच्या घरून निघताना मी ठरवलं होतं, वकील म्हणतो तसं करायचं. पण ओमी तुझ्याशेजारी बसली होती, आणि तुमचे वकीलसाहेब एकेक तारीख वाचत होते, आणि प्रत्येक तारखेला तिची मान आणखी खाली जात होती. डेंग्यूची तारीख आली तेव्हा मी उठले. कुणी विचारलंही नव्हतं. म्हटलं, साहेब, ही बाई त्या दिवशी नदीपलीकडे एका म्हातारीला आंघोळ घालत होती. एकही शिक्का माझा नाही. पासपोर्ट यायचा, मी यायचे नाही.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "कोण न्यायचं?" मी म्हटलं, एक माणूस. "नाव?" मी म्हटलं, नदीत सगळीच माणसं असतात साहेब. (मंगल त्या दिवसापासून दिसला नाही म्हणे. बरं झालं. त्याच्या घरात पाच तोंडं आहेत.)

मग त्यांनी तुला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

आणि तू म्हणालीस, "नाही."

दीदी, मला राग आला नाही. येईल असं वाटलं होतं. तुझा हात ओमीच्या हातावर होता, आणि तू तो एवढा घट्ट धरला होतास की तिची बोटं पांढरी झाली होती. मला एवढंच दिसलं की तुलाही तिच्याशिवाय जगता येणार नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही नाहीच म्हणाले असते, आणि वर शपथ घेतली असती.

आता कालचं. तू तिला ठाण्याच्या फाटकापर्यंत आणलंस आणि स्वतः आंब्याखाली उभी राहिलीस. आत काय बोलणं झालं हे तिने तुला सांगितलं नसणार. तुझ्यासारखीच आहे, आतल्या गाठीची. म्हणून मी सांगते.

तिने डालपुरी आणली होती, फडक्यात बांधून. बाकावर माझ्याशेजारी बसली, मध्ये थोडी जागा ठेवून. आधी म्हणाली, "तुमचा खांदा दुखतो का अजून?" तुमचा म्हणाली. मी म्हटलं, ढग आले की दुखतो.

मग म्हणाली, "कोर्टात सांगितलं ते खरं आहे?"

मी म्हटलं, "अगदी खरं. तुझ्या गळ्याची शपथ. मी आले नव्हते बाळा. इथे येऊन तुला टाळून गेले नाही. मी एकदाही आले नव्हते." मला वाटलं, झालं, सुटले. आता ती माझ्या गळ्यात पडणार.

तिने फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाली, "मला वाटायचं, निदान नदीच्या अलीकडे तरी आला होतात. फगव्याला कुठेतरी इथेच होतात. बाजारात वगैरे. तेवढं तरी आला होतात."

दीदी, शिक्के खोटे ठरवायला मी तुरुंगात आले, आणि पोरीकडे माझं तेवढंच होतं.

"का नाही आलात?" तिने विचारलं. ओरडून नाही. शाळेत गणित विचारतात तसं.

परसराम, म्हातारी, रजा, सगळं जिभेवर आलं. मी म्हटलं, "भीती वाटायची."

"बोटीची?"

"तुझी."

तिने मान हलवली, जणू हे उत्तर तिला चालण्यासारखं होतं. मग म्हणाली, "मला पण भीती वाटते. विमानाची. पोटात गोळा येतो. पण मी जाणार आहे."

एवढं बोलून उठली. दारात थांबली, परत आली, माझ्या केसांतली काडी काढली आणि गेली.

कागद पाठव दीदी. मी सही करते. कोर्टाने विचारायची वाट बघू नकोस, वकिलाला आजच पाठव, म्हणजे आईने राजीखुशीने दिली असं लिहिता येईल, टाकून दिलेली पोर असं कुठेही लिहायचं नाही. ही एक अट, दुसरी नाही. शिपाईबाई म्हणते मला दोन-चार महिने होतील, नाहीतर दंडावर सोडतील. होऊ दे काय व्हायचं ते.

विमानात तिला खिडकीची जागा देऊ नकोस. मध्ये बसव, तुमच्या दोघांच्या मध्ये. तिच्या पोटात गोळा येतो. माझ्या मुलीबद्दल मला एवढं माहीत आहे, तेही कालच कळलं.

सुमी